आद्य ख्रिस्ती संत : रोमन नागरिकत्व व सैनिकी पेशा

इ. स. पहिल्या शतकापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोमन साम्राज्यात होऊन गेलेल्या ख्रिस्ती संतांपैकी अनेकांच्या चरित्रांत रोमन नागरिकाचा दर्जा किंवा रोमन सैन्यातील सेवा यांना निर्णायक स्थान आहे. नागरिकत्व व सैनिकी शपथ ही व्यक्तीला सम्राटाशी बांधून ठेवणारी दोन प्रमुख बंधने होती. ख्रिस्ती माणसाने ती कितपत पाळावीत, कोठे थांबावे आणि थांबल्यास कोणती किंमत द्यावी, हा प्रश्न या संतांच्या चरित्रांतून सातत्याने पुढे येतो.

मराठीत ‘संत’ या शब्दाने प्रामुख्याने भक्तिपरंपरेतील सत्पुरुषांचा बोध होतो. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात लोणंद येथे मुक्कामास येते, तेव्हा पूजिल्या जातात त्या ज्ञानोत्तर भक्तीचा मार्ग दाखविणाऱ्या संताच्या पादुका. आद्य ख्रिस्ती समाजात मात्र संतपद मुख्यतः हुतात्म्यांना मिळाले. हुतात्म्यासाठी वापरला जाणारा मूळ ग्रीक शब्द न्यायालयातील ‘साक्षीदार’ या अर्थाचा आहे. न्यायाधीशापुढे उभे राहून ‘मी ख्रिस्ती आहे’ असे सांगणे हीच साक्ष आणि मृत्युदंड हे तिचे पर्यवसान होय. हुतात्म्याचा मृत्युदिन हा त्याचा स्वर्गातील जन्मदिन मानून दरवर्षी त्याच्या थडग्यापाशी पाळला जाई. समाधिस्थानी पुण्यतिथी पाळण्याच्या आपल्याकडील प्रथेशी याचे साम्य आहे. तथापि आद्य ख्रिस्ती संताचे चरित्र बहुधा एका खटल्याचे वृत्त असते, हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

साधने : या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार न्यायालयीन कामकाजाच्या टिपणांवर आधारलेल्या वृत्तांतांचा. त्यांत प्रश्नोत्तरे, दिनांक, अधिकाऱ्याचे नाव व निकाल एवढेच थोडक्यात येते. कार्थेज येथे १८० मध्ये शिरच्छेद झालेल्या सिली गावच्या हुतात्म्यांचा वृत्तांत या प्रकारचा आहे. दुसरा प्रकार समकालीन वा निकटकालीन लेखकांच्या ग्रंथांचा असून त्यात टर्टुलियन (सु. १६०–सु. २२५), सिप्रियन (मृ. २५८), लॅक्टँशियस व चर्चचा इतिहासकार युसीबियस (सु. २६०–सु. ३४०) यांचे लेखन मोडते. तिसरा प्रकार पाचव्या शतकापासून रचल्या गेलेल्या चरित्रकथांचा होय. त्यांत चमत्कार, दीर्घ भाषणे आणि क्रूर न्यायाधीश यांची रेलचेल असते. सर्वाधिक लोकप्रिय सैनिक-संतांची माहिती नेमकी या तिसऱ्या प्रकारातून आली आहे. फोन हार्नाक या जर्मन विद्वानाने १९०५ मध्ये आद्य ख्रिस्ती धर्म व सैनिकी पेशा यांच्या संबंधाचा, तर इपोलित दलए या बेल्जियन जेझुइट संशोधकाने १९०९ मध्ये ग्रीक सैनिक-संतांच्या आख्यायिकांचा चिकित्सक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढील संशोधनास त्यातून दिशा मिळाली.

नागरिकत्वाचे स्वरूप : रोमन नागरिकत्व नागरिक मातापित्यांच्या पोटी जन्मल्याने, नागरिक धन्याने गुलामगिरीतून मुक्त केल्याने, शासनाच्या देणगीने किंवा सैनिकी सेवेने मिळे. लीजन या मुख्य पलटणींत तत्त्वतः नागरिकांनाच प्रवेश होता. प्रांतांतील अनागरिकांची भरती साहाय्यक दलांत होई आणि पंचवीस वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर त्यांना नागरिकत्व दिले जाई. पहिल्या शतकाच्या मध्यापासून या देणगीची सनद काशाच्या जोडपत्र्यांवर कोरून देण्याची पद्धत होती. असे शेकडो पत्रे साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांत सापडले आहेत. अशा रीतीने नागरिकत्व आणि सैनिकी सेवा या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

नागरिकाला मिळणारे सर्वांत मोठे संरक्षण शिक्षेसंबंधीचे होते. पॉर्शियन कायद्यांनी (इ. स. पू. दुसरे शतक) व पुढे ज्युलियन कायद्याने नागरिकास चौकशीविना फटके मारणे निषिद्ध ठरविले आणि वरिष्ठ सत्तेकडे दाद मागण्याचा त्याचा हक्क मान्य केला. क्रूसावर खिळण्याची शिक्षा सामान्यतः गुलाम व अनागरिक यांच्यासाठी होती. नागरिकाला देहदंड झालाच, तर तो तलवारीने शिरच्छेद करून दिला जाई. हे संरक्षण अधिकारी नेहमी जुमानत असे नाही. सिसेरोने इ. स. पू. ७० मध्ये सिसिलीचा माजी सुभेदार व्हेरीस याच्यावर ठेवलेल्या आरोपांत, आपण रोमन नागरिक असल्याचा आक्रोश करणाऱ्या गाव्हियस नावाच्या माणसास त्याने क्रूसावर चढविल्याचे प्रकरण प्रमुख होते.

संत पॉल : पॉल हा सिलिशिया प्रांतातील टार्सस नगराचा ज्यू व जन्माने रोमन नागरिक असल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात म्हटले आहे. त्याच्या नागरिकत्वाचा उल्लेख तीन प्रसंगी येतो. मॅसिडोनियातील फिलिपी ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत होती. तेथे त्याला चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकण्यात आले. तो नागरिक असल्याचे कळताच नगराधिकारी धास्तावले आणि स्वतः येऊन त्यांनी त्याची मनधरणी केली. जेरूसलेम येथे फटक्यांसाठी बांधले जात असताना त्याने शताधिपतीस आपल्या दर्जाची जाणीव दिली. तेथील पलटणीचा प्रमुख क्लॉडियस लिसियस याने स्वतःचे नागरिकत्व मोठी रक्कम मोजून मिळविले होते. पॉल जन्मतः नागरिक असल्याचे समजल्यावर तो भ्याला. शेवटी सीझरिया येथे सुभेदार फेस्टस याच्यापुढे पॉलने कैसराकडे दाद मागितली आणि सु. ६० मध्ये त्याची रवानगी रोमकडे झाली.

पॉलने आपल्या पत्रांत मात्र नागरिकत्वाचा उल्लेख कोठेही केलेला नाही; उलट आपणास तीनदा छड्यांचा मार बसल्याचे तो सांगतो. यावरून काही अभ्यासकांनी त्याच्या नागरिकत्वाविषयी शंका घेतली आहे. इतरांच्या मते, कैदी म्हणून रोमला पाठविले जाण्याची घटना नागरिकत्वाशिवाय समजावून घेणे अवघड आहे. फिलिपी येथील ख्रिस्ती समाजाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपले खरे नागरिकत्व स्वर्गातील असल्याचे प्रतिपादन केले आहे. ज्या वसाहतीत रोमन नागरिकत्वाचा विशेष अभिमान बाळगला जाई, तेथील वाचकांना या शब्दयोजनेचा रोख सहज कळणारा होता.

पॉल व पीटर या दोघांनाही नीरोच्या कारकीर्दीत (५४–६८) रोम येथे देहदंड झाल्याची परंपरा आहे. पीटर हा गॅलिलीचा कोळी, अनागरिक. त्याला क्रूसावर चढविण्यात आले. पॉल नागरिक, त्याचा शिरच्छेद झाला. दोघांच्या मृत्युप्रकारांतील हा भेद सु. २०० मध्ये लिहिणाऱ्या टर्टुलियनला ठाऊक होता. ख्रिस्ती चित्र-शिल्पकलेत पॉलच्या हाती तलवार दाखवितात, तिचा उगम या शिक्षेत आहे.

नागरिकत्व व छळ : ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजन यास पाठविलेल्या पत्रात ख्रिस्ती आरोपींच्या चौकशीची हकीकत दिली आहे. आपल्या श्रद्धेवर अडून राहिलेल्या सामान्य आरोपींना त्याने तत्काळ देहदंड दिला. त्यांपैकी जे रोमन नागरिक होते, त्यांची नावे मात्र राजधानीस पाठविण्यासाठी टिपून ठेवली. अपराध एकच, पण आरोपीच्या दर्जानुसार कार्यपद्धती भिन्न, हे यावरून स्पष्ट होते.

१७७ मध्ये गॉलमधील ल्यूगडूनम (सध्याचे फ्रान्समधील लीआँ) येथे झालेल्या छळाचा वृत्तांत युसीबियसने जतन केला आहे. तेथील अ‍ॅटलस या प्रतिष्ठित ख्रिस्ती पुरुषास रिंगणात फिरविले जात असता तो रोमन नागरिक असल्याचे सुभेदारास कळले. त्याने त्याला तुरुंगात परत पाठवून सम्राट मार्कस ऑरिलियस याची आज्ञा मागविली. श्रद्धेवर ठाम राहणाऱ्यांना देहदंड द्यावा व ती नाकारणाऱ्यांना सोडून द्यावे, अशा आशयाचा निर्णय आला; त्यानुसार सुभेदाराने नागरिकांचा शिरच्छेद करविला व इतरांना श्वापदांपुढे टाकले. तरीही जमावाला खूश करण्यासाठी सुभेदाराने अ‍ॅटलसला पुन्हा श्वापदांपुढे सोडले. याच छळात ब्लँडिना ही गुलाम स्त्री मरण पावली आणि हुतात्म्यांच्या स्मृतीत तिचे स्थान अ‍ॅटलसपेक्षाही वरचे ठरले. कायद्याच्या दृष्टीने साम्राज्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा दर्जा असलेली माणसे ख्रिस्ती स्मरणसूचीत एका ओळीत आली, हे या वृत्तांताचे वैशिष्ट्य होय.

२१२ मध्ये सम्राट काराकाला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व बहाल केले. त्यामुळे नागरिकत्वाचे वेगळेपण उरले नाही आणि शिक्षेच्या बाबतीत ‘प्रतिष्ठित’ व ‘सामान्य’ या सामाजिक श्रेणींना महत्त्व आले. दुसरीकडे, सर्वच प्रजानन नागरिक झाल्याने सर्वांनी रोमच्या देवांप्रीत्यर्थ बली अर्पावा, ही अपेक्षाही सार्वत्रिक झाली. सम्राट डीशियस याने २४९-५० मध्ये काढलेल्या फर्मानानुसार प्रत्येकास बली अर्पून तसा दाखला घेणे भाग पडले. ईजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक पपायरस-दाखले सापडले आहेत. काही इतिहासकार या फर्मानाचा संबंध सार्वत्रिक नागरिकत्वाशी जोडतात. २५८ मध्ये व्हलेअरियनच्या आज्ञेने ख्रिस्ती सेनेटसदस्य व सरदार यांचा दर्जा व मालमत्ता काढून घेण्याचे, आणि तरीही ते न नमल्यास त्यांना देहदंड देण्याचे ठरले. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी कार्थेजचा बिशप सिप्रियन याचा शिरच्छेद झाला.

सैन्यातील धर्माचार : रोमन सैनिकाचे जीवन धर्माचारांनी वेढलेले होते. भरतीच्या वेळी घेतलेल्या शपथेचा दरवर्षी पुनरुच्चार होई. निशाणांना पूज्य मानले जाई. सम्राटाचे वाढदिवस व विजयदिन बली देऊन साजरे होत. यूफ्रेटीस नदीवरील ड्यूरा-यूरोपस या ठाण्यात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एक लष्करी पंचांग पपायरसावर मिळाले असून कोणत्या दिवशी कोणत्या देवतेस वा दिवंगत सम्राटास काय अर्पावे, याची त्यात नोंद आहे. त्याच नगरीत त्याच काळातील ख्रिस्ती प्रार्थनागृहही उत्खननात उघडकीस आले आहे. इझ्राएलमधील मगिद्दोजवळ, रोमन लीजनच्या छावणीलगत, सु. २३० मधील ख्रिस्ती प्रार्थनागृहाची चित्रफरशी २००५ मध्ये सापडली. गायानस नावाच्या शताधिपतीने ती स्वखर्चाने करविल्याचे तिच्यावरील ग्रीक लेखात म्हटले आहे. छावणी व चर्च यांच्यात नेहमीच वैर होते, ही समजूत या पुराव्यामुळे सोडून द्यावी लागते.

सैनिकी शपथेस असलेला ‘साक्रामेंतुम’ हा लॅटिन शब्द ख्रिस्ती समाजाने बाप्तिस्मा आदी संस्कारांसाठी स्वीकारला. स्वतःला ‘ख्रिस्ताचे सैनिक’ म्हणविण्याची प्रथा पॉलच्या नावावरील पत्रांइतकी जुनी आहे. अ-ख्रिस्ती लोकांसाठी रूढ झालेल्या ‘पागानुस’ या शब्दाचा सैनिकांच्या बोलीतील अर्थ ‘बिनलष्करी माणूस’ असा होता. त्यावरूनच हा प्रयोग आला असे काही विद्वान मानतात, तर काही त्याचा मूळ अर्थ ‘खेडवळ’ असा घेतात.

ख्रिस्ती विचारवंतांची भूमिका : ‘नव्या करारा’त सैनिकी पेशाचा स्पष्ट निषेध नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने सैनिकांना पेशा सोडण्यास न सांगता वेतनात समाधान मानण्यास सांगितले. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या श्रद्धेची येशूने प्रशंसा केली आणि सीझरिया येथील शताधिपती कॉर्नीलियस हा बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या परराष्ट्रीयांपैकी होता. टर्टुलियनने १९७ च्या सुमारास साम्राज्याच्या बाजूने ख्रिस्ती सैनिकांच्या उपस्थितीचा अभिमानाने उल्लेख केला. मात्र २११ च्या सुमारास, बक्षीसवाटपाच्या समारंभात डोक्यावर पुष्पमुकुट घालण्यास नकार देणाऱ्या एका सैनिकाची बाजू घेताना त्याने सैनिकी सेवा व ख्रिस्ती श्रद्धा परस्परविरोधी ठरविल्या. ख्रिस्ती लोक सम्राटासाठी लढत नाहीत, असा आक्षेप सेल्सस या तत्त्वज्ञाने दुसऱ्या शतकात घेतला होता. ऑरिजेनने सु. २४८ मध्ये त्यास उत्तर दिले : मंदिरांच्या पुजाऱ्यांना ज्या कारणाने लढाईतून सूट मिळते, त्याच कारणाने ख्रिस्ती लोकही शस्त्राऐवजी प्रार्थनेने साम्राज्याचे रक्षण करतात. तिसऱ्या शतकातील चर्चच्या एका नियमसंग्रहात सैन्यात असलेल्याने कोणाला ठार मारू नये व शपथ घेऊ नये, आणि दीक्षार्थी झाल्यावर सैन्यात जाऊ पाहणाऱ्यास नाकारावे, असे सांगितले आहे. विरोधाचे कारण रक्तपात की मूर्तिपूजा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; उपलब्ध लेखनात ही दोन्ही कारणे एकत्र आढळतात.

सैनिक हुतात्मे : विश्वसनीय वृत्तांतांपैकी पहिला सीझरिया येथील मारायनस याचा असून त्याचा काळ सु. २६० हा होय. त्या वेळी छळ थांबलेला होता. शताधिपतीची जागा रिकामी झाली आणि ती क्रमाने मारायनसला मिळावयाची होती. दुसऱ्या इच्छुकाने, तो ख्रिस्ती असल्याने सम्राटाप्रीत्यर्थ बली देत नाही व म्हणून जुन्या कायद्यान्वये या पदास अपात्र आहे, अशी हरकत घेतली. न्यायाधीशाने त्यास विचारासाठी तीन तास दिले. बिशप थिओटेक्नस त्याला हाताशी धरून चर्चमध्ये घेऊन गेला आणि त्याच्या कमरेची तलवार व शुभवर्तमानाची पोथी या दोहोंतून एक निवडण्यास त्याने सांगितले. मारायनसने पोथीकडे हात केला. मुदत संपताच त्याचा शिरच्छेद झाला. वर्षानुवर्षे सैन्यात निर्वेध राहिलेला ख्रिस्ती मनुष्य बढतीच्या स्पर्धेमुळे एका दिवसात मृत्युदंडास कसा पात्र ठरे, हे या घटनेतून दिसते.

मॅक्सिमिलियन याच्यावरील खटला १२ मार्च २९५ रोजी उत्तर आफ्रिकेतील तेवेस्ते (सध्याचे अल्जीरियातील तेबेसा) येथे प्रोकॉन्सल दिओ याच्यापुढे चालला. डायोक्लीशनच्या काळी (२८४–३०५) निवृत्त सैनिकांच्या मुलांवर सैन्यात जाण्याची सक्ती होती. मॅक्सिमिलियनचे वय २१ वर्षे, ३ महिने व १८ दिवस होते. त्याची उंची मोजण्यात आली. ती ५ रोमन फूट १० इंच भरली. भरतीची खूण म्हणून शिशाची मुद्रा गळ्यात घालण्यास त्याने नकार दिला. ख्रिस्ताची मुद्रा आपण धारण केली आहे, असे त्याचे म्हणणे होते. सम्राटांच्या खास पथकांत ख्रिस्ती सैनिक सेवा करीत असल्याकडे दिओने लक्ष वेधले. त्यांना काय योग्य ते त्यांचे त्यांना माहीत, आपणास ते करता येत नाही, असे उत्तर त्याने दिले. प्रोकॉन्सलने त्याची समजूत घालण्याचा वारंवार यत्न केला व पित्यालाही मुलास समजावण्यास सांगितले. पण पिता फेबियस व्हिक्टर याने निर्णय मुलावर सोपविला. आपल्यासाठी शिवलेला नवा सैनिकी पोशाख मारेकऱ्यास द्यावा, असे मॅक्सिमिलियनने मरणापूर्वी पित्यास सांगितले. पाँपेयाना नावाच्या स्त्रीने त्याचा देह कार्थेजला नेऊन सिप्रियनच्या समाधीजवळ पुरला.

मॉरिटेनियातील टिंगिस (सध्याचे मोरोक्कोमधील टँजिअर) येथे २९८ मध्ये सम्राटांचा वाढदिवस साजरा होत असता मार्सेलस या शताधिपतीने निशाणांसमोर कमरपट्टा व अधिकाराची द्राक्षवेलीची काठी फेकून दिली आणि यापुढे आपण फक्त ख्रिस्ताची सेवा करणार असे जाहीर केले. ३० ऑक्टोबर रोजी अ‍ॅग्रिकोलानस याच्यापुढे त्याची चौकशी होऊन त्याचा शिरच्छेद करण्यात आला. निकालात त्याच्या धर्मापेक्षा शपथभंगावर भर आहे. मॅक्सिमिलियनलाही शिक्षा झाली ती सैनिकी सेवा नाकारल्याबद्दल. म्हणूनच या दोघांना धर्मासाठी शिक्षा झाली की शिस्तभंगासाठी, असा प्रश्न विचारला जातो. आरोपींच्या दृष्टीने तो भेदच अस्तित्वात नव्हता.

डॅन्यूबकाठच्या ड्यूरोस्टोरम (सध्याचे बल्गेरियातील सिलिस्ट्रा) येथील ज्यूलियस याचे प्रकरण वेगळे आहे. सत्तावीस वर्षांच्या सेवेत आपल्याकडून कसूर झाली नाही, सात मोहिमांत आपण कोणाच्या मागे राहिलो नाही, असे त्याने सु. ३०४ मध्ये सुभेदार मॅक्सिमस याच्यापुढे सांगितले. सुभेदाराने त्याला बक्षिसाची रक्कम देऊ केली आणि बली देण्याचा दोष आपल्या माथी घेण्याची तयारी दाखविली. ज्यूलियसने ते नाकारले. त्याच्या बचावाचा आशय असा : जो खालच्या धन्याशी इतकी वर्षे इमानी राहिला, तो वरच्या धन्याशी बेइमान कसा होईल? सैनिकी निष्ठेचा येथे निषेध नाही. तिचाच आधार घेतलेला आहे. मॅक्सिमिलियन व ज्यूलियस यांच्या उत्तरांतील हा फरक तत्कालीन ख्रिस्ती समाजातील दोन विचारप्रवाहांचा निदर्शक होय.

डायोक्लीशन ते थीओडोशियस : ३०० च्या सुमारास, राजशकुन पाहणाऱ्या पुरोहितांनी ख्रिस्ती सैनिकांमुळे शकुन बिघडल्याची तक्रार केल्यावर, सैन्यातील ख्रिस्ती लोकांना बली देण्याची अथवा नोकरी सोडण्याची सक्ती करण्यात आली. त्यानंतर २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमीडिया येथे मोठ्या छळास प्रारंभ झाला. पहिल्या फर्मानान्वये दर्जा असलेल्या ख्रिस्ती व्यक्तींचे विशेषाधिकार रद्द झाले, त्यांना यातना देण्यावरील बंधन उठले आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्कही नाहीसा झाला. पॉलने ज्या संरक्षणाचा आश्रय घेतला होता, तेच या फर्मानाने काढून घेतले. ३११ मध्ये गॅलीरियसने छळ थांबविला. ३१२ मध्ये कॉन्स्टंटीनने रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईत विजय मिळविला आणि ३१३ मध्ये त्याने व लायसिनियसने सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिले.

परिस्थिती झपाट्याने पालटली. ३१४ च्या आर्ल येथील धर्मपरिषदेने शांततेच्या काळी शस्त्रे टाकून देणाऱ्यांना चर्चमध्ये प्रवेश नाकारला. हा नियम अल्पाक्षरी असल्याने त्याच्या अर्थाविषयी वाद असला, तरी मार्सेलसचा मार्ग आता प्रशंसनीय मानला जात नव्हता, एवढे निश्चित. पूर्वेकडे लायसिनियसने पुन्हा छळ सुरू केला. सु. ३२० मध्ये आर्मेनियातील सेबॅस्टी (सध्याचे तुर्कस्तानातील सिव्हास) येथे चाळीस सैनिकांना कडाक्याच्या थंडीत उघड्यावर गोठवून मारण्यात आले. परंपरेनुसार ते बाराव्या लीजनमधील होते. ४१६ च्या सुमारास दुसऱ्या थीओडोशियसने अ-ख्रिस्ती लोकांना शासकीय व सैनिकी सेवेस अपात्र ठरविले. मॅक्सिमिलियनच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी चक्र पूर्णपणे उलट फिरले. आता श्रद्धेची परीक्षा दुसऱ्यांना द्यावी लागत होती.

संक्रमणकाळाचा प्रातिनिधिक संत म्हणजे तूरचा मार्टिन (मृ. ३९७). तो पॅनोनियातील सबारिया (सध्याचे हंगेरीतील साँबॉटहेय) येथे एका सैनिकी अधिकाऱ्याच्या पोटी जन्मला. त्याचे जन्मवर्ष ३१६ किंवा ३३६ मानतात. ज्या सक्तीखाली मॅक्सिमिलियनला बोलावले गेले, त्याच सक्तीने मार्टिनला कोवळ्या वयात घोडदळात जावे लागले. अम्यँ नगराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढे वर्म्झ येथे लढाईच्या तोंडावर त्याने सीझर जूलियनपुढे सेवामुक्तीची मागणी केली. हा भ्याडपणा असल्याचा आरोप होताच, दुसऱ्या दिवशी निःशस्त्र होऊन आघाडीवर उभे राहण्याची त्याने तयारी दर्शविली. परंतु शत्रूने तहाची बोलणी लावल्याने तशी वेळ आली नाही. सु. ३७१ मध्ये तो तूरचा बिशप झाला. त्याचा शिष्य सल्पिशियस सेव्हेरस याने लिहिलेल्या चरित्रामुळे हौतात्म्य न पत्करता संतपदास पोहोचलेल्या पश्चिमेकडील पहिल्या संतांत त्याची गणना होते. ‘चॅपल’ व ‘चॅप्लिन’ हे शब्द त्याच्या झग्याच्या लॅटिन नावावरून आलेले आहेत.

आख्यायिकांतील सैनिक-संत : लोकमानसात रुजलेले सैनिक-संत मुख्यतः उत्तरकालीन कथांमुळे प्रसिद्ध झाले. सेबॅस्टियनचे नाव ३५४ च्या रोमन सूचीत २० जानेवारीखाली आढळते व तो मिलानचा असल्याचे संत अँब्रोझ सांगतो; याहून अधिक माहिती नाही. तो सम्राटाच्या अंगरक्षक दलातील अधिकारी होता, बाणांनी विद्ध होऊनही वाचला व नंतर सोटे मारून ठार करण्यात आला, ही कथा पाचव्या शतकातील आहे. ६८० मध्ये इटलीतील पाव्हीआ येथे आलेल्या प्लेगच्या साथीत त्याचा धावा केल्यानंतर साथ निवारक म्हणून त्याची ख्याती वाढली. जॉर्जची पूजा पॅलेस्टाइनमधील लिडा (सध्याचे लोद) येथे प्राचीन काळापासून होती; मात्र पाचव्या-सहाव्या शतकांच्या संधिकालातील एका लॅटिन सूचीत त्याची चरित्रकथा अप्रमाण ठरविली आहे. ड्रॅगनवधाची कथा अकराव्या-बाराव्या शतकांपूर्वी आढळत नाही. १९६९ मध्ये रोमन कॅथलिक पंचांगाच्या सुधारणेत त्याचा सण वैकल्पिक करण्यात आला. आल्प्समधील अगॉनम (सध्याचे स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिस) येथे मॉरिशस व त्याचे थीबन लीजन यांची कत्तल झाल्याचे लीआँचा बिशप युकेरियस पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगतो. संपूर्ण लीजनच्या कत्तलीस समकालीन पुरावा नसल्याने इतिहासकार ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. थीओडोर, डिमीट्रियस, सर्जियस व बॅकस, ईजिप्तचा मिनास हे पूर्वेकडील अन्य प्रमुख सैनिक-संत होत.

अश्वारूढ वीर दैत्याला पायदळी तुडवीत असल्याची जॉर्जची प्रतिमा पाहून मराठी वाचकास मणि-मल्लांचा संहार करणाऱ्या खंडोबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. हे साम्य प्रतिमाविधानापुरते आहे. त्यावरून परस्परसंबंधाचे अनुमान काढता येत नाही. उभय समाजांत शेतकरी व सैनिक यांनी आपला रक्षणकर्ता घोड्यावर कल्पिला, एवढेच म्हणता येते.

भारत व महाराष्ट्र : केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजात जॉर्जची भक्ती ‘गीवर्गीस’ या नावाने रूढ असून पुदुपळ्ळी व एडप्पळ्ळी येथील चर्चे प्रसिद्ध आहेत. अर्थुंकल येथे जानेवारीत सेबॅस्टियनचा मोठा उत्सव भरतो. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर या संतांची नावे चर्चे व तटबंदी या दोहोंवर आली. पणजीच्या फोंताइन्यस भागात सेबॅस्टियनचे चॅपल आहे. गोव्यातील आद्य ख्रिस्ती मराठी साहित्यात फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर (१६१६) फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रवा यांनी संत पीटरच्या जीवनावर मराठी ओवीबद्ध पुराण रचले (१६२९). अनागरिक म्हणून क्रूसावर गेलेल्या कोळ्याचे चरित्र मराठी वाणीत पुराणरूपाने अवतरले, हे उल्लेखनीय आहे.

वसईच्या किल्ल्यातील एका बुरुजास सॅन सेबॅस्टियनचे नाव होते. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये अखेरचा हल्ला चढविला, तेव्हा सुरुंगांनी भगदाड पाडलेल्या बुरुजांत तो प्रमुख होता. शरणागतीच्या करारात पोर्तुगीज शिबंदीस सन्मानाने बाहेर पडण्याची आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा देण्यात आली. सत्ता बदलली तरी प्रजाननाच्या श्रद्धेस धक्का लागू नये, ही रोमन काळातील हुतात्म्यांची मागणी या करारात संताच्या भग्न बुरुजापाशी मान्य झाली.

मूल्यमापन : रोमन नागरिकत्व व सैनिकी पेशा यांविषयी आद्य ख्रिस्ती संतांची एकच भूमिका नव्हती. पॉलने नागरिकत्वाचा उपयोग केला. अ‍ॅटलसला ते वाचवू शकले नाही. मॅक्सिमिलियनने शस्त्र नाकारले. ज्यूलियसने सत्तावीस वर्षे ते अभिमानाने वाहिले. मार्टिनने ते वाहून मग खाली ठेवले. राज्यसंस्थेचे ऋण मान्य करूनही तिच्या अधिकारास सीमा आहे, हे सूत्र मात्र सर्वांत समान आढळते. पुढील काळात चर्च स्वतः सत्तेच्या बाजूस गेल्यावर हे सूत्र मागे पडले आणि सैनिक-संत हे सैन्यांचे व राज्यांचे रक्षणकर्ते बनले. विसाव्या शतकात सक्तीच्या सैन्यभरतीस विवेकबुद्धीने विरोध करणाऱ्यांनी मॅक्सिमिलियनचे नाव पुन्हा पुढे आणले. त्याच्या खटल्याचा मोजका वृत्तांत हा सतरा शतकांनंतरही त्या प्रश्नाचा एक मूलभूत दस्तऐवज मानला जातो.